घोव निजेत काय बोलता

मालवणात माझं टायपिंगचं दुकान होतं. बोललेलं ऐकून टाइप करणारा एक प्रोग्राम मी तिथल्या कॉम्प्युटरवर घातला होता. त्याला इंटरनेट लागत नसे, पण इंग्रजीशिवाय काही कळतही नसे. एका दुपारी मासे विकून परतणारी एक बाई आत आली. रिकामी पाटी दाराशी ठेवून तिने कनवटीची कॅसेट काढली आणि बांगडा ताजा आहे का बघावं तशी उलटसुलट करून माझ्या हातात दिली.

“घोव निजेत बडबडता. खंयच्या बायलेचा नाव घेता, ता माका लिवन दी.”

“मावशी, ह्येका इंग्रजीच कळता.”

“निजलल्या माणसाक खंयची भाषा, रे?”

मी टेप जोडून कॅसेट लावली. आधी नवऱ्याचं घोरणं, मग पुटपुटणं, पुन्हा घोरणं. पडद्यावर एक इंग्रजी वाक्य उमटलं. पदराचं टोक दातांत धरून ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी अर्थ सांगितला, “बकऱ्यांचे अध्यक्ष अजून आलेले नाहीत.”

“म्हणजे बाईमाणूस नाय मां?”

“नाय.”

तिने डोळे पुसले. हे अध्यक्ष कोण, हे तिने विचारलंसुद्धा नाही. पाटी उचलताना एवढंच म्हणाली, “बिचारो! रोज रातीं त्येंची वाट बघता म्हणजे.”