एकाच वाडग्यातला चहा

"अगं, सांगून टाक ना एकदाचं सासूबाईंना!" शेवटी मीच वैतागून म्हणाले.

चेतना आमच्या ओट्यावर बसून पदराचं टोक पिळत होती. "सांगितलं तर त्या बसणारच नाहीत, आशाताई. आणि नाही सांगितलं, अन् जपानच्या बाईंसमोर वाडगा परत सरकवला तर?"

आठवडाभर हेच चाललं होतं. जेवण जात नव्हतं तिला.

चेतना खांडबाऱ्याची. लग्न होऊन रनाळ्याला आली आणि वर्षाच्या आत नवऱ्याला, भूपेशला, कंपनीने जपानला पाठवलं, हीही गेली. तो दिवसभर कारखान्यात, ही घरात. भाषा येत नव्हती. दारावरची बेल वाजली तरी हिच्या छातीत धस्स व्हायचं. खालच्या मजल्यावर हायाशी नावाच्या वयस्कर बाई चहा शिकवत. चहा काय शिकायचा, असं हिलाही वाटलं होतं. पण तिकडे चहा म्हणजे आपल्याकडची पूजाच. गुडघे मोडून बसायचं, फडक्याची घडी घालायची ती ठरल्याप्रमाणे, पळीने पाणी घ्यायचं तेही आवाज न करता. पाहुण्यापुढे वाडगा ठेवताना त्याची देखणी बाजू त्याच्याकडे करायची. कित्येक वर्षं ही तेच शिकत राहिली. सासरे आजारी पडले म्हणून दोघं परत आले, ते इथलेच झाले. सासूबाईंनी, अनुसयाबाईंनी, धान्याची जुनी खोली हिला दिली. "रिकामीच पडेल शे, वापर," एवढंच म्हणाल्या. तिथे चटया अंथरून, मातीच्या शेगडीवर किटली ठेवून ही एकटीच चहा करत बसायची.

आता हायाशीबाई अजिंठा बघायला आल्या होत्या आणि एक दिवस काढून रनाळ्याला येणार होत्या. वय ऐंशीच्या पुढे. पुन्हा काही यायच्या नाहीत. चेतनाला त्यांना घट्ट चहा द्यायचा होता. हा चहा मानाच्या पाहुण्यासाठी, हिरव्या पुडीचा, पिठल्यासारखा घोटलेला, आणि सगळ्या पाहुण्यांनी एकाच वाडग्यातून प्यायचा. एकाने घोट घ्यायचे, कड पुसायची, पुढच्याला द्यायचा.

इथेच घोडं अडलं होतं. अनुसयाबाई पोटच्या मुलाचं उष्टं खात नाहीत. लग्नाकार्याला जातानाही पिशवीत स्वतःचं फुलपात्र असतं.

"मग वेगवेगळे वाडगे दे," मी म्हटलं.

"तो साधा चहा. तो मी त्यांना तिकडे कितीदा तरी दिलाय. हा नाही दिला कधी. तिकडे मी शिकणारी होते ना, माझं घर कुठे होतं बोलवायला?"

"मग सासूबाईंना बसवू नकोस."

तेही जमण्यासारखं नव्हतं. घरच्या मोठ्या माणसाला वगळून पाहुणीचा मान कसला? शिवाय अनुसयाबाईंनी आधीच बजावलं होतं, "मन्हा घर पाहुणी ई ऱ्हायनी, अन् मी काय बाहेर बसू?"

बाई येणार त्या सकाळी मी गेले तेव्हा चेतना पुरणाच्या छोट्या छोट्या फुलांना आकार देत होती. चहाआधी गोड द्यायचं असतं. तिकडे ते डाळीसारख्या कडधान्याचंच करतात म्हणे. पाकळ्या फाटत होत्या. शेजारच्या खळ्यावर मिरची वाळत होती. खाट उठेल, बाईंना ठसका लागेल म्हणून तिने खिडक्या लावून घेतल्या होत्या.

अनुसयाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "दूध कोठे शे व?"

"यात दूध नसतं, आई."

"कोरा चहा? पाहुणी पहिलींदाव घर ई ऱ्हायनी, अन् तिले मयतना घरना चहा?"

त्यांचंही खोटं नव्हतं. आपल्याकडे सुतकातच तसा चहा होतो. चेतनाचा चेहरा उतरला, आणि वाडग्याचं सांगायचं ते पुन्हा राहिलं.

भूपेश बाईंना गाडीतून घेऊन आला. इवल्याशा, वाकलेल्या, करड्या किमोनोतल्या. आम्ही तिघी ओळीने बसलो: आधी बाई, मग मी, शेवटी अनुसयाबाई. चेतना चहा घोटत होती. खोलीत किटलीचा सूंऽऽ आवाज तेवढा होता. बाईंनी पहिला घोट घेतला. चेतनाने वाकून जपानीत काहीतरी विचारलं, बाईंनी मान हलवून उत्तर दिलं. मग कड पुसून वाडगा माझ्याकडे आला. कडू, पण मागून गोडसर. मीही कड पुसली आणि वाडगा अनुसयाबाईंपुढे ठेवला.

त्यांनी वाडग्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "याच मा?"

"हो, काकू."

चेतनाचे हात मांडीवर गच्च मिटलेले. मला तिच्याकडे बघवेना.

अनुसयाबाईंनी वाडगा दोन्ही हातांनी उचलला, मान मागे टाकली, तोंड उघडलं, आणि तांब्यातलं पाणी पितात तसा वरून ओतायला घेतला. पण घट्ट चहा तो! पडेना. वाडगा अजून वर गेला, अजून कलला. बाईंनी दिलेला, जपानहून कपड्यांत गुंडाळून आणलेला वाडगा. चेतना अर्धवट उठली. एक हिरवा गोळा कडेपर्यंत आला, लोंबला, आणि टप्पदिशी त्यांच्या जिभेवर पडला.

"पडी नई ऱ्हायना व!" वाडगा खाली घेत त्या म्हणाल्या. तोंड कडवट झालेलं.

"ओठ लावावा लागतो, आई." चेतना म्हणाली.

अनुसयाबाईंनी वाडग्यात पाहिलं. आत अजून तीन-चार घोट होते. त्यांनी कड न्याहाळली, बाईंकडे पाहिलं, मग हात लांब करून वाडगा चेतनापुढे धरला. "तूच पी. सकायपाईन तुन्हा पोटमा काही नई. मी देखी ऱ्हायनू ना."

चेतनाने घाबरून बाईंकडे पाहिलं. बाई काही बोलल्या. चेतना हळूच मला म्हणाली, "यजमानीणही पिऊ शकते, पाहुण्यांनी म्हटलं तर. बाई म्हणतात, घे."

ती प्यायली. वाडगा दातांवर किणकिणला.

बाईंना ओट्यावर बसवून ती आत आली आणि माझा हात धरला.

"रागावल्या नसतील ना?"

"कोण?"

"दोघी."

बाहेर अनुसयाबाई भूपेशला दूध आणायला पिटाळत होत्या.