आधी आम्ही विणायचो

दिवसभर शाळेत घसा खरवडून झाला की संध्याकाळी मी इतवारीतल्या एका वाचनालयाच्या खोलीत मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायला जायचे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वर्गातले बहुतेक जण हिंगण्याच्या कारखान्यांत कामाला होते. पाळी संपवून यायचे आणि बाकावर बसल्या बसल्या डुलक्या काढायचे. त्यांना काय रागावणार, माझेच डोळे मिटायचे.

पूर्वीच्या सवयी सांगायचा धडा आला की मला खरोखर वीट यायचा. गाइडमधलं एकच वाक्य सगळ्यांना पाठ: लहानपणी मी आजोबांबरोबर नदीकाठी फिरायला जायचो. ज्यांच्या आजोबांना जन्मात हातमागावरून उठायला फुरसत मिळाली नसेल, तेही नदीकाठी फिरून यायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "नदी पुरे झाली आता. आपलं खरं काय ते सांगा."

त्या वर्गात एक विणकर होता, चाळिशीकडे झुकलेला. कारखान्यात हेल्पर. सुपरवायझरच्या जागेसाठी त्याची मुलाखत व्हायची होती आणि ती इंग्रजीतून. पण इंग्रजीपेक्षा अडचण निराळीच होती. लग्नसराईत लुगड्यांची मागणी वाढली की विणकरांच्या घरची माणसं दांड्या मारून मागावर बसतात, हे साहेब लोकांना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा आमच्या घरचं विणकाम सुटलं, हे त्याला ठासून सांगावं लागणार होतं. मी त्याला इंग्रजीत वाक्य बांधून दिलं: आधी आम्ही विणायचो, आता विणत नाही.

त्यानं ते वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाला, "बाई, बाबा तं आत्ताही विणून राहिले. सकाळी मी त्याईले तुटले धागे सांधून देतो, मंगच ड्यूटीवर जातो. मी असं कसं म्हणू?"

"मुलाखतीपुरतं म्हणा हो," मी म्हटलं. मला घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता. "तुमचे बाबा थोडेच तिथं येऊन बसणार आहेत? घरी मोठ्यानं म्हणत जा, म्हणजे जीभ वळेल."

त्यानं मनावर घेतलं. पुढच्या आठवड्यात ते वाक्य तो असं सफाईनं बोलला की डुलक्या घेणारेही जागे झाले. मला बरं वाटलं. त्या वर्गात असं बरं वाटण्याचे प्रसंग फार येत नसत.

मुलाखत झाल्यावर तो वर्ग भरायच्या आधीच आला. चेहरा पाहूनच मी ओळखलं.

"दुसऱ्यालेच घेतलं, बाई."

पुढच्या वेळी होईल, वगैरे मी नेहमीचं बोलले. तो ऐकून घेत राहिला, पण जागचा हलला नाही.

"मी घोकत होतो ते बाबा रोज ऐकत," तो म्हणाला. "एक दिवस त्याईनं इचारलं, काय म्हणून राहिला गा? मी मराठीत सांगून देल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी धागे सांधाले गेलो, तं अर्धं विणलेलं लुगडं कापून मागावरून उतरवलं होतं. म्हणे, साहेबापुढं तुले खोटं काहून बोला लागावं?"

बाकीचे येऊन बाकांवर बसू लागले होते.

"जागा गेली, हे मी त्याईले अजून सांगतलं नाही," तो म्हणाला आणि आपल्या बाकावर जाऊन बसला.