मान वळवणारं कोणी

डावा हात मागे करून तळवा दाखवायचा, वळून मात्र पाहायचं नाही, आणि हळूच म्हणायचं, "थांबा भाऊ, तो पाहून राह्यला."

कोरपन्याला आमच्या कार्यालयात आवक-जावक सांभाळणाऱ्या बाई मला खऱ्या अर्थाने दिसल्या त्या अशा, पाठमोऱ्या. एका रविवारी कपाटाची चावी मागायला मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो होतो. बाई जास्वंदीपुढे स्टुलावर बसून मोबाईलने फोटो काढत होत्या. पानावर हिरवा किडा, पुढचे पाय जोडून बसलेला.

"नाकतोडा का?"

"नाकतोडा नोका म्हणू जी. प्रार्थनाकीटक आहे तो."

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. डबा एकटी खातात, हजेरीच्या रजिस्टरापुरती असतात. बाई वडशाकडच्या. लग्न केलेलं नव्हतं. रस्त्यावरून सिमेंटचे ट्रक जात आणि झाडावर धूळ बसे, म्हणून त्या रोज सकाळी ओल्या फडक्याने जास्वंदीचं पान न् पान पुसत.

मी एकदा म्हणालो, "बाई, आपल्या जिल्ह्यात लोक वाघाचे फोटो काढायला येतात!"

"वाघ मले कायले पाहीन? हा पाहते. मी बाहेर आली का मान वळवते. घरात मान वळवणारं दुसरं कोन आहे?"

त्या हसल्या. मीही हसलो, पण मग कुठे पाहावं ते कळेना.

दिवाळीनंतर 'तो' मादी निघाली. फांदीवर चिंचोक्याएवढी भुरकट गाठ दिसू लागली, आत अंडी. थोड्याच दिवसांनी मादी झाडाखाली मरून पडली. बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कारण लिहिलं, 'घरगुती'.

"तुमच्या घरी असतं कोण?" साहेबांनी विचारलं. सगळे हसले. बाई अर्ज धरून उभ्याच राहिल्या. खरं कारण मला माहीत होतं. मी खाली मान घालून फाईल चाळत बसलो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या निवृत्त झाल्या. वडशाला पुतण्याच्या घरी, वरच्या मजल्यावर राहायला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "ती फांदी तेवढी कापू देऊ नोका, भाऊ. पिल्लं निघाली का मले सांगजा."

मी हो म्हणालो. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. गेलो तेव्हा नव्या बिऱ्हाडकरूने जास्वंद तोडून तिथे मोटारसायकल उभी केली होती.

पावसाळ्यात बाईंचा फोन आला. "निघाली का जी?"

"निघाली," मी म्हणालो.

"फोटो?"

"जमला नाही."

मग त्या म्हणाल्या, "लई लहान असतात. हालतातबी. राग नोका मानू भाऊ, उगाच इचारलं."

पुन्हा त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही.

गेल्या महिन्यात पुतण्याचा आला. "आत्या गेली, साहेब. तिच्या मोबाईलमधी सारे किड्याचेच फोटो आहेत, तिचा एकबी नाई. तेरवीले लावाले पायजे. तुमच्याकडे असन ना?"

मी शोधला. निरोपाच्या दिवसाचा एक सापडला. आम्ही सगळे ओळीने उभे आहोत, हसतो आहोत. पुढे हार घातलेली खुर्ची, रिकामी.

तो फोटो बाईंनीच काढला होता.