घडीबाईंची तुंबणारी नळी

इस्पितळाच्या धोबीखान्यात तीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या, म्हणून त्यांना सगळे घडीबाई म्हणत. चादरीचे चार कोपरे केसभर इकडेतिकडे झाले तरी बाईंना चैन पडत नसे. स्वभावही तसाच कडक. एकुलता एक मुलगा परदेशी निघाला तेव्हा रागाच्या भरात म्हणून बसल्या, “गेलास तर परत तोंड दाखवू नकोस.” मुलगा गेला. तीन वर्षांत त्याचा फोन नाही, आणि आपण होऊन करायचा तर बाईंचा ताठा आडवा येई.

तो ज्यांच्या हाताखाली कपडे वाळवायच्या ड्रायरची कामं शिकला, त्या मेकॅनिककाकांना मात्र दर आठवड्याला फोन करी. हे बाईंच्या कानावर आलं आणि त्यांच्या ड्रायरची हवा बाहेर सोडणारी नळी वरचेवर तुंबू लागली.

“बाई, दोन महिन्यांपूर्वीच साफ केली होती,” काका यंत्र भिंतीपासून ओढत म्हणाले. “एकट्या माणसाचे कपडे ते किती! वर्षातून एकदा पुरे.”

“ओलेच राहतात हो.”

बाई चहा ठेवायच्या आणि काका काम करता करता बोलायचे. पोराला बढती मिळाली. पोरानं दाढी ठेवलीय. बाई स्वतःहून कधी काही विचारत नसत. दाढीच्या दिवशी तेवढी काकांच्या कपात साखर दोनदा पडली होती.

आज काकांनी नळीत हात घातला आणि राखाडी तंतूंचा एक चपटा गठ्ठा बाहेर काढला. बराच वेळ तो उजेडात धरून पाहिला.

“कपड्यांचा भुसा नळीच्या वळणावर अडकतो, बाहेरच्या झडपेला चिकटतो. चार कोपरे जुळवून घडी घालून बसलेला भुसा मी आज पहिल्यांदा बघतोय.”

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. दर खेपेला ड्रायरच्या भुसा अडवणाऱ्या जाळीवरून निघालेला थर त्यांनी जपून ठेवला होता. तो नळीत कोंबताना सवयीनं हातून घडी पडली.

“कापसासारखा पेटतो हा. तुम्हाला का मी सांगायचं?”

“ठाऊक आहे.”

“मग?”

“दुसऱ्या कशासाठी आला असतात तुम्ही?”

काकांनी हात पुसले, फोन लावला आणि त्यांच्यापुढे धरला. “मी काय टपालवाला आहे? तुम्हीच बोला.”

“मी काय बोलू?” बाई कुजबुजल्या. पण पलीकडून “बोला, काका” आलंच होतं.

बाईंच्या तोंडून निघालं, “ड्रायरची नळी किती दिवसांनी साफ करायची रे?”

बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

“वर्षातून एकदा, आई,” आवाज आला. “जाळी मात्र दर खेपेला.” आणि मग, “का गं? कपडे वाळत नाहीत?”

काका नुकतीच झाडलेली नळी यंत्राला बसवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“नाही वाळत,” बाई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या.