जीप थांबवणाऱ्या सिस्टर

देवाशी ज्याचं फार सख्य आहे, अशा माणसाला कधी जीपमध्ये घेऊ नये. वेळेवर पोचायचं असेल तर नाहीच नाही. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात ख्रिस्ती सिस्टरांच्या एका दवाखान्याची जीप चालवायचो. तिथल्या थोरल्या सिस्टर मंगळूरकडच्या. अंगानं काटकी, आवाज मात्र हवालदाराचा. खेडोपाडी औषधं द्यायला निघालो की मधेच त्या ओरडायच्या, "अण्णा, थांबवा!" म्हणजे वरून बोलावणं आलं. मग एखाद्या बाभळीखाली डोळे मिटून उभ्या. ऊन, माश्या, धुरळा उडवणारे ट्रक, कशाचा पत्ता नाही. मी बिड्या ओढायचो, टायरला लाथा घालायचो, बॉनेट उगीच उघडून मिटायचो. एकदा तर ऐन सात रस्ता चौकात त्यांनी जीप थांबवायला लावली. मागं टांगे, सायकली, एस.टी. यांची रांग लागली. पोलीस शिट्टी फुंकत आला. "काय बिघडलंय?" मी वैतागून म्हणालो, "इंजिन ठीक हाय. सिस्टर बंद पडल्यात."

स्वयंपाकघरातही तीच तऱ्हा. दूध तापत ठेवून त्यांनी डोळे मिटले की ते दूध चुलीलाच अर्पण. वर देवावरच खेकसायच्या, "दूध उतरवून मग बोलवायला काय होतं?"

एका दुपारी मोडनिंबकडून एका अडलेल्या बाईला आम्ही सोलापूरला आणत होतो. बरोबर तिची सासू. वाटेत बाई किंचाळली आणि सिस्टर म्हणाल्या, "थांबवा!" माझ्या डोक्यात तिडीक गेली. "सिस्टर, आज तरी देवाला थांबू द्या की!"

"देव थांबतो हो, मूल थांबत नाही. लुगडं धरा आडवं!"

जीपच्या सावलीत मुलगी जन्मली. निळी पडलेली, हालचाल नाही. सिस्टरांनी बोटानं तिचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, तोंडाला तोंड लावून हळूच श्वास फुंकला. मधूनच कानडीत ओरडायच्या, "अळु! अळु!" बावरलेली सासू मला म्हणाली, "ह्या माळावर आता अळू कुटं मिळायचा हो?"

"भाजी न्हाय, कानडी हाय ते. रड म्हणत्यात."

मग सासू वाकली, "रड गं माज्या बाय, रड!" लुगड्याकडं पाठ करून मीही तेच ओरडायला लागलो. जरा उशिरानं, पण पोर रडली. सिस्टर चाकाला टेकून बसल्या. सासू पाया पडायला गेली, तर म्हणाल्या, "पाया काय पडता? पोरीला छातीशी धरा, ऊब द्या."

पुढं त्यांची बदली झाली. स्टेशनवर सोडायला मीच गेलो होतो. इतकी वर्षं मनात होतं ते विचारून टाकलं, "एवढं काय बोलायचं असतं हो तुम्हाला देवाशी?"

त्या हसल्या. "मी कुठं बोलते, अण्णा? तोच बोलतो. पण फार हळू. तुमच्या जीपच्या खडखडाटात ऐकू येत नाही."

गाडी गेली. फलाट रिकामा होत गेला तसा मी एका बाकावर बसलो. मला काहीच ऐकू आलं नाही. पण उठावंसं काही वाटेना.