एका वेळी एकच त्रुटी

आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स टाका, असं मला कुणीही म्हटलं नव्हतं. मासिकाबरोबर फुकट सीडी आली होती आणि विंडोजमध्ये दर आठवड्याला नवा व्हायरस निघत होता, म्हणून मी टाकलं. वर घरात जाहीर केलं, "आता व्हायरसची तकलीफ संपली." व्हायरस खरंच संपले. तकलीफ तेवढी राहिली.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. आम्ही औंढ्याला राहायचो. बायको जवळच्या गावात शिक्षिका. नोकरी करत बी.एड. करत होती. हळद काढणीच्या दिवसांत पटावरची मुलं वर्गात का दिसत नाहीत, हा तिच्या प्रकल्पाचा विषय. आधी वहीत लिहून मग दोन महिने तिने तो दोन बोटांनी कॉम्प्युटरवर उतरवला. शनिवारी पाचच्या आत हिंगोलीच्या केंद्रावर तो द्यायचा, नाहीतर वर्ष वाया. हस्तलिखित चालेल असं सूचनेत स्पष्ट होतं. पण "छापलेलं कसं शोभून दिसतं" हा हट्ट माझा. बुधवारी मी नवा प्रिंटर आणला, कागदाचा गठ्ठाही आणला.

प्रिंटरच्या सीडीत लिनक्ससाठी पॅकेज, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं पुडकं, होतं, पण ते आरपीएम नावाच्या प्रकारातलं. आमच्या लिनक्सला चालायचं डेब. लिनक्स एकच, पण त्याची घराणी वेगळी, आणि या घराण्याचं पॅकेज त्या घराण्याला चालत नाही, हे ज्ञान मला प्रिंटरचं खोकं फाडल्यावर झालं. आरपीएमचं डेब करून देणारा एक प्रोग्रॅम असतो म्हणे. घरी इंटरनेट नव्हतं. गुरुवारी दोन दिवसांची रजा टाकली, एसटीने हिंगोली गाठली, कॅफेतून तो प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेतला आणि परत आलो. प्रकल्पच तिकडे नेऊन छापून आणावा, तर नवा प्रिंटर घरात असताना ते मला कमीपणाचं वाटत होतं. त्याने सांगितलं, माझ्याआधी अमुक पॅकेज टाका. पुन्हा हिंगोली. त्या अमुकने आणखी तमुक मागितलं.

शुक्रवारी कॅफेवाला म्हणाला, "साहेब, तुमी पासच काढून घ्या एसटीचा."

शेवटी प्रिंटरचा प्रोग्रॅम कच्च्या स्वरूपातही मिळतो असं कळलं. टार नावाचं गाठोडं, ते सोडायचं आणि घरच्या घरी प्रोग्रॅम तयार करायचा. आणलं, सोडलं. आता तयार करणारं अवजारच मशीनमध्ये नव्हतं.

"काय म्हणून राहिलं ते?" बायकोने मागून विचारलं.

"अजून एक पॅकेज पाहिजे म्हणतंय."

"मंग कालच काहून न्हाई सांगितलं? सगळी यादी एकदाच द्यायला काय जातं त्याचं?"

"तसं नसतं. एक पुरं केलं की मग पुढचं दिसतं."

तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हे तर तुमच्याच हापिसातलं दिसून राहिलं."

मी तालुक्याच्या एका कचेरीत कारकून. आलेला अर्ज पहिली त्रुटी सापडेपर्यंतच वाचायचा आणि परत करायचा, ही माझी पद्धत. रहिवासी दाखला जोडा. माणूस तो घेऊन आला की, फोटो कुठंय? वीस वर्षं मी हे करत होतो, आणि त्यात काही वावगं आहे असं मला त्या शुक्रवारपर्यंत वाटलं नव्हतं.

पण अडलेल्या प्रकरणावर कचेरीत आणखी एक उपाय असतो. 'पूर्ततेच्या अधीन राहून मंजूर.' सही आज, कागद मागाहून. लिनक्सलाही असा हुकूम सोडता येतो, हे मी कुठंतरी वाचलं होतं: काही कमी असलं तरी बसव. आधी डेब करून देणाऱ्या त्या प्रोग्रॅमवर आणि मग त्यातून निघालेल्या प्रिंटरच्या पॅकेजवर मी तोच हुकूम सोडला. दोन्ही मुकाट्याने बसली.

"झालं बराबर!" मी ओरडलो आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

काळा पडदा. वर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ. चित्रं नाहीत, बाण नाही, काही नाही. नव्या पॅकेजने आत शिरताना कुणा जुन्या पॅकेजला जागेवरून उठवलं होतं.

"माझा प्रकल्प कुठंय?"

"आत आहे."

"आत म्हंजे कुठं?"

मी कॉम्प्युटरच्या डब्याकडे बोट दाखवलं. (फाईल तिथे धडधाकट होती, हे मला दोन महिन्यांनी कळलं. तिला ते आज हे वाचूनच कळेल.)

तिने कपाटातून कच्ची वही काढली, प्रिंटरसाठी आणलेला कागद माझ्यापुढे ठेवला. "अक्षर तरी बरं हाय तुमचं. सकाळी लवकर उठा."

शनिवारी उजाडल्यापासून ती सांगत होती, मी लिहीत होतो. वहीत नसलेल्या, टाईप करताना केलेल्या दुरुस्त्याही तिला तोंडपाठ होत्या. दुपारी दोनला आभाराचं पान आलं.

"लिव्हा. सुवाच्य लेखनाबद्दल माझ्या पतींचे आभार."

"आणि संगणकाच्या मदतीचं?"

"त्याचं यंदा राहू द्या."

अडीचची एसटी मिळाली. केंद्रावर पोचपावती हातात पडली तेव्हा साडेचार वाजले होते.

सोमवारी माझ्या टेबलावर एक अर्ज आला. मी तो शेवटपर्यंत वाचला आणि पाच त्रुटी एकाच कागदावर लिहून दिल्या. शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब चष्म्यावरून बघत होते.

"काहून हो," ते म्हणाले, "तब्येत बरी न्हाई का?"