अकरा वर्षं न हललेलं कपाट

त्याला कारखान्यात सगळे आठबोटे म्हणतात. नवा टपालवाला तर ते त्याचं आडनावच समजून बसलाय, आणि त्यात त्या बिचाऱ्याची चूक नाही. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली की आठ उरतात, एवढं गणित कुणालाही येतं. ज्याला येत नाही त्याच्यासाठी थोरला भाऊ आहेच.

थोरल्याची रीतच होती तशी. सुतारकामाचा हा कारखाना त्याचा. कुणी नवीन कामाला लागलं की पहिल्या दिवशी सकाळी तो त्याला करवतीच्या मशीनपाशी उभं करायचा, पॉलिशच्या कोपऱ्यातून धाकट्याला बोलवायचा आणि म्हणायचा, "दाखव रे हात." धाकटा दाखवायचा. "बघितलंत? मशीन चालू आणि याचं लक्ष दारात. बायकोनं डबा आणला, हाक मारली, यानं मान वळवली. संपलं." मग धाकट्यानं गुमान कोपऱ्यात जायचं आणि खुर्च्यांचे पाय घासायला घ्यायचे. एके काळी तिरपा काप म्हणजे यानंच घ्यायचा असं होतं. अकरा वर्षांत त्याला मशीनचं बटणसुद्धा दाबू दिलेलं नाही.

आणि त्याची बायको? ती त्या दिवसापासून कारखान्याची पायरी चढलेली नाही. घरातही तिनं त्याला हाक मारायचं सोडलं. दूध उतू जाऊ दे, दारात कुणी येऊन उभं राहू दे, ती हातातलं काम टाकून त्याच्या समोर येते, त्यानं वर बघितलं की मगच तोंड उघडते. तो वैतागतो. "अगं, आतून ओरडलीस तर काय बिघडेल?" ती ओरडत नाही. अशा मुक्या घरात अकरा वर्षं काढून बघा, म्हणजे राग कशाला म्हणतात ते कळेल. बरं, तो काढायचा कुणावर? त्याला स्वतःला आठवायचं ते एवढंच, की हाताखालचं लाकूड एकाएकी नाहीसं झालं. पण सगळे म्हणत होते मान वळवलीस, म्हणजे वळवली असणार.

परवा सोमवारी नव्या ताई आल्या. चाळिशीच्या, दुसरीकडे पंधरा वर्षं मशीन चालवलेल्या. हात दाखवायचा कार्यक्रम झाला. ताईंनी हाताकडे बघितलं, मग बराच वेळ मशीनकडे बघितलं.

काम होतं आठकोनी कुंड्यांचं. प्रत्येक फळीची कड साडेबावीस अंशात तिरपी कापायची, म्हणजे आठ फळ्या एकमेकींना फटीशिवाय भिडतात. थोरल्यानं पातं उजवीकडे झुकवलं. गाईड, म्हणजे फळी जिला टेकवून पुढे सरकवायची ती लोखंडी पट्टी, तीही त्यानं उजवीकडेच लावली आणि ताईंना म्हणाला, "घ्या कापायला."

ताईंनी वाकून मशीनची विजेची पिन उपसली.

"मालक, मी यावर कापणार नाही."

"का? भीती वाटते?"

"वाटते. पातं गाईडवर झुकलंय. फळी दोघांच्या मधे सापडणार, वरून पात्याचा दाब. जरा वाकडी झाली की मशीन तिला मागे फेकणार, आणि ढकलणारा हात थेट पात्यावर जाणार. गाईड डावीकडे घ्या. मग पातं गाईडपासून लांब झुकेल, फळी मोकळी राहील."

"डावीकडे कपाट आहे, दिसत नाही का? गाईड पुरता सरकत नाही तिकडे. आम्ही वर्षानुवर्षं असंच कापतोय. लक्ष ठेवलं की काही होत नाही."

"मग मागच्या भिंतीला हे काय झालंय?"

मशीन चालवणाऱ्याच्या मागच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, गिलावा तीन ठिकाणी फुटला होता. सगळ्यांनी रोज बघितलेला. थोरला खिशात पेन्सिल शोधायला लागला. ती कानावर होती.

कोपऱ्यात पॉलिशपेपरचा आवाज थांबला होता. धाकटा उठून आला. त्याच्या अंगाची लाही लाही होत होती, पण आवाज खालीच होता.

"दादा, त्या दिवशी तू समोर उभा होतास. फळी आधी सुटली की तिची हाक आधी आली?"

"आता ते उकरून काय उपयोग?"

"मी विचारतोय."

"एवढ्या गडबडीत कोण बघतं?"

"तू बघितलंस. तू रोज सांगतोस, तू बघितलंस."

थोरल्यानं माणसांकडे बघितलं. सहा जणं हातातलं काम सोडून उभी होती. "फळी," तो पुटपुटला. "फळी आधी. पण म्हणून काय लक्ष नको ठेवायला?"

या माणसाला ठाऊक होतं! पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तरी दर वेळी त्यानं भावाचा हात चारचौघांत वर धरायला लावला, एक कपाट हलवायचं जिवावर आलं म्हणून.

धाकट्यानं कपाट उघडलं आणि पॉलिशचे डबे एकेक करून बाहेर काढायला लागला. ताई मदतीला आल्या, मग बाकीचेही आले. रिकामं कपाट फरशीवर किंचाळत चार हात सरकलं. पाऊण तास लागला.

मग गाईड डावीकडे गेला. पिन काढलेलीच होती, तशीच धाकट्यानं फळी थांबलेल्या पात्यापाशी नेऊन बघितली, कुठे अडत नाही ना. पात्यावरचं झाकण खाली घेतलं, ढकलायची काठी घेतली, फळीच्या मागे न उभं राहता बाजूला झाला. "लावा पिन," तो म्हणाला. फळी लोण्यासारखी कापली गेली. थोरला अडवायला आला नाही.

आठ फळ्या झाल्यावर त्यानं मशीन बंद केलं. "घरी चल," तो थोरल्याला म्हणाला. "मी सांगणार नाही तिला. तूच सांगायचंस."

जेवायची वेळ झाली होती. दोघं भाऊ कारखाना सोडून बरोबर आलेले बघून ती दारातच थिजली. नजर पहिली गेली हातांकडे, आधी याच्या, मग त्याच्या.

"कुणाला लागलं?"

"कुणाला नाही," थोरला म्हणाला. धाकटा थांबला नाही. अंगावरचा भुसा धुवायला तो मागच्या नळावर गेला. थोरल्यानं दोनदा घसा साफ केला. "त्या दिवशी... तुझ्या हाकेनं काही झालं नव्हतं. फळी आधीच उडाली होती. पट्टी मी चुकीच्या बाजूला लावली होती. कपाट हलवायचा कंटाळा केला."

मागे नळाचा आवाज येत होता.

"भाऊजी, तुम्हाला हे कधी कळलं?"

"तेव्हाच."

तिनं त्याला ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. उंबऱ्यात त्याला तसंच उभं ठेवून ती वळली, आणि पाठ करून नळावर वाकलेल्या नवऱ्याला आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"अहो! जेवायला या."